नावासाठी सोडलेली जागा

साखरखेर्डा,
ता. ९ नोव्हेंबर २०२४

चि. संघर्ष यास,
बनाआत्याचा जयभीम व अ. उ. आ.

तुयं पत्र पोचलं. वर तारीख नाही, मायना नाही, एकदम 'आत्या कशी आहेस'. पस्तीस वर्षं मी शाळेत पोरायले मायना शिकवला अन घरचाच पोरगा असा निघाला! नोकरीत होती तोवर मी शुद्ध लिहिलं. आता पेन्शनीत आहे, बोलते तशीच लिहीन. फोनचं म्हणशील तर तापात कान गेले त्याले आता अकरा वर्षं झाली, अन तुमच्या मोबाईलवरची अक्षरं मले मुंग्यांवानी दिसतात. तवा पत्रच लिहीत जा.

सोयाबीन निघालं, तूर उभी आहे. घरात मी एकटी. गावाशी मायं बोलणं नाही, ते तुले ठाऊक आहे. तुया बापानं, माया भावानं, चाळीस वर्षं ऑटोच्या भोंग्यावरून साऱ्या गावाच्या मयतीची खबर देली. कोणाची जात पाह्यली नाही, पाऊस पाह्यला नाही. अन तीन मार्चले तो गेला तर त्याच्या मातीले बावीस माणसं. मी मोजली ना. हे मी विसरत नसते.

एक गंमत सांगते. बाजारातल्या फकीर मोहम्मद टेलरनं परवा मले थांबवलं. मी तोंडानं बोलते अन लोकं माया पाटीवर लिहितात, तसं त्यानं लिहिलं, की सकाळी सातले पंजाबरावचा, आपल्या भाऊचाच, ऑटो मशिदीच्या गल्लीतून गेला. आवाज साफ होता म्हणे, फक्त कोणाचं नाव घेतलं ते समजलं नाही. मी त्याले म्हणलं, चाचा, चष्मा बदला अन कानही बदला. तर दुसऱ्या दिवशी जिनिंगजवळची आशाबाई वारली. योगायोग, दुसरं काय.

आपलं टिनाचं दारही आजकाल सकाळी हालते. तुले आठवते, मले ऐकू येत नाही म्हणून भाऊनं माया खाटेचा लोखंडी पाय दाराच्या चौकटीले भिडवून ठेवला होता. तो बाहेरून दोनदा वाजवायचा, मले पाठीत समजायचं. मी आतून चिमट्यानं दोनदा वाजवलं की तो ऑटोत बसून कामाले निघायचा. तसंच दोनदा हालते. शेजारच्या छकुलीची बकरी अंग घासत असंल.

भाऊच्या ऑटोवरचा अल्तमश सांगत होता की तू भाऊचा पेनड्राईव्ह नेला अन त्याचा आवाज गाण्यात टाकून राह्यला. ते काय आहे, नीट लिही. जेवत जा.

माया आहेच, ती पत्रातून परत पाठवत जा.
तुझी,
बनाआत्या

*

पुणे,
ता. २० नोव्हेंबर २०२४

ती. बनाआत्यास,
संघर्षचा स. ज. वि. वि.

बघ, मायना लिहिला, सप्रेम जयभीमसकट. तारीखही घातली. आता तरी पास कर.

अल्तमशने सांगितलं ते खरं आहे. आमच्या बँडचा नवा अल्बम होतोय. आठ गाणी, आणि आठही मिळून एकच गोष्ट. गावात माणूस गेल्याची खबर सकाळी सातला निघते तिथपासून लोक मातीवरून परत येऊन आंघोळ करतात तिथपर्यंत. पहिलं गाणं ऑटो सुरू होण्याचं, शेवटचं ओल्या कपड्यांचं. रॉक म्हणजे पत्र्यावर गोटे टाकणं असं तू म्हणायचीस, तेव्हा तुला ऐकू यायचं. आता पत्र्यावर गोटेच आहेत, पण मधेमधे बाबा आहेत.

शेवटची दोन वर्षं त्यांना धाप लागायची म्हणून त्यांनी खबर रेकॉर्ड करून ठेवली होती, ती तुला माहीत आहे. 'कळविण्यास अत्यंत दुःख होते की आपल्या गावातील', मग रिकामी जागा, मग 'यांचे दुःखद निधन झाले असून अंत्ययात्रा सकाळी अकरा वाजता राहत्या घरून निघेल.' रिकाम्या जागेत ते माईक तोंडाशी धरून नाव स्वतः घ्यायचे. बाकी सगळं मशीन बोललं तर चालेल, नाव मात्र जित्या तोंडातून गेलं पाहिजे, हा त्यांचा नियम. प्रत्येक दोन गाण्यांच्या मधे मी हीच खबर ठेवली आहे, आणि नावाची जागा मोकळी सोडली आहे. ऐकणाऱ्याने आपलं गेलेलं माणूस तिथे ठेवावं, अशी कल्पना.

ती जागा चार सेकंदांची आहे. मी हजारदा ऐकली असेल. अल्बमचं नावही 'चार सेकंद' ठेवलंय. सोमवारी मनालीने, म्हणजे आमची रेकॉर्डिंग बघणारी मुलगी, तिने मोजली तर सहा भरली. ती म्हणाली मी चुकीची फाईल दिली. दिली असेन.

फकीरचाचांना माझा सलाम सांग. ते थकले आहेत, त्यांच्यावर चिडू नकोस.

आठवण ठेवतेस तशीच ठेव.
तुझा,
संघर्ष

*

साखरखेर्डा,
ता. २ डिसेंबर २०२४

चि. संघर्ष यास,
अ. उ. आ.

मायन्यात पास, मजकुरात नापास. 'ऐकणाऱ्याने आपलं माणूस ठेवावं' हे पुण्यातल्या लोकायले सांग, मले नको सांगू. मले तू लहानपणापासून ठाऊक आहेस. आई गेली तवा तू चार वर्षांचा होता, तवापासून मीच तुले न्हाऊ घातलं. उत्तर द्यायचं नसलं की तू असं गोल गोल बोलते.

इकडे बरं नाही बाबू. फकीर मोहम्मद एकटा नव्हता. मागच्या पंधरवड्यात दोनदा लोकायनं भाऊची खबर ऐकली, सकाळी सातले. एकदा वेशीजवळच्यायनं, एकदा शाळेमागच्यायनं. ऑटो कोणालेच दिसत नाही. आवाज येतो, 'आपल्या गावातील' म्हणतो अन थांबतो. पुढचं कोणी ऐकलं नाही. अन दोन्ही वेळा दुसऱ्या दिवशी गावात मयत झाली. आता आवाज आला की लोकं घराबाहेर येतात अन ज्याच्या घरी आजारी माणूस असंल त्याच्या दाराकडे पाहतात. सहदेव मिस्त्रीची बायको तर माया दारात येऊन बसली अन पाटीवर लिहिलं, भाऊले विचारून सांगा, आमच्याकडचं नाही ना कोणी? काय सांगू मी तिले?

मी अल्तमशले बोलावलं. भाऊ गेला त्या दिवशी ऑटो तोच चालवत होता अन माईक तुया हातात होता. मी त्याले विचारलं, संघर्षनं भाऊचं नाव घेतलं तवा लोकं ऐकूनही आले नाहीत का? त्यानं पाटीवर लिहिलं अन पुसलं. पुन्हा लिहिलं, पुन्हा पुसलं. शेवटी लिहिलं, संघर्षभाऊले विचारा. अन चहा न पिताच गेला. पोरगा चहा सोडून कधी गेला होता काय?

तवा विचारते. काय झालं होतं त्या दिवशी? गोल बोलू नको.

बकरीचं राह्यलं. छकुलीनं ती दिवाळीतच विकली म्हणे. दार अजून हालते, रोज सातले, दोनदा. मी उठून पाहते, बाहेर कोणी नसते.

खरं लिहिशील तर माया शिल्लक आहे.
तुझी,
बनाआत्या

*

पुणे,
ता. १२ डिसेंबर २०२४

ती. आत्या,
स. ज.

हे पत्र चारदा फाडलं. आता जसं येईल तसं लिहितो.

मी नाव घेतलंच नाही, आत्या.

त्या पहाटे मी बसने पोचलो. बाबा खाली चटईवर होते. अल्तमशने माईक हातात दिला आणि म्हणाला, भाऊ, हे तुमचंच काम आहे. बसस्टँडवर पहिल्यांदा थांबलो. बाबांचा आवाज सुरू झाला, साफ, ठणठणीत, धाप लागण्याआधीचा. 'आपल्या गावातील.' मी माईक तोंडाशी नेला आणि मला वाटलं, मी बोललो तर ते मेले. तोवर ते बोलत होते ना! चार सेकंद गेले आणि पुढचं सुरू झालं. मी अल्तमशला म्हटलं, पुढच्या चौकात घेतो. पुढच्या चौकातही तेच. असे चौदा चौक. त्या पोराच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं, पण माझ्या हातातून माईक घ्यायची त्याची हिंमत झाली नाही.

म्हणून लोक आले नाहीत. त्यांनी बाबांचा आवाज ऐकला. ज्याचा आवाज भोंग्यावर येतोय तो मेला असेल असं कोणाला वाटेल? लोकांना वाटलं पंजाबराव कामावर आहे, नाव हवेत विरलं असेल, कळेल मागून. जी बावीस आली ती तोंडी कळलं म्हणून आली. तू नऊ महिने साऱ्या गावाशी भांडून बसलीस आणि मी इथे बसून तुझी पत्रं वाचत राह्यलो. मला माफ कर म्हणायची लाज वाटते.

आणि आता ऐक. ती जागा अकरा सेकंदांची झाली आहे. मनालीने सगळ्या फायली पुन्हा पेनड्राईव्हवरून घेतल्या. सगळीकडे अकरा. आणि जागा संपायच्या आधी एक आवाज येतो. माईकवर नखाने दोनदा टकटक. मयतवाल्या घरचं कोणी रडून नाव सांगायचं थांबलं की बाबा असंच वाजवायचे, घाई न करता, सांगा बाप्पा म्हणून. मूळ रेकॉर्डिंगमध्ये ते नव्हतं. मी शपथेवर सांगतो, नव्हतं. मनाली आता त्या खोलीत एकटी थांबत नाही.

मले भेव वाटते, आत्या.

तुझा,
संघर्ष

*

साखरखेर्डा,
ता. २२ डिसेंबर २०२४

चि. संघर्ष,
अ. उ. आ., अन दोन थोबाडीत. त्या इथून देता येत नाहीत म्हणून लिहून पाठवते.

पत्र वाचून मी दिवसभर चूल पेटवली नाही. लई राग आला. मग तू चटईजवळ बसला होता तसा डोळ्यांपुढे आला अन राग कुठं गेला समजलं नाही. लेका, मले पाटीवर लिहून सांगतलं असतं तर मीच बसली असती ना ऑटोत! मले ऐकू येत नाही, बोलता तर येते.

दुसऱ्या दिवशी मी घरोघरी गेली. ज्या ज्या माणसायशी बोलणं टाकलं होतं त्यायच्या दारात उभी राह्यली अन म्हणलं, चूक आमच्या घरची होती. फकीर मोहम्मदनं मले खुर्ची देली अन पाटीवर लिहिलं, म्हणजे पंजाबलेच त्याच्या मयतीची खबर कोणी देली नाही. मी वाचलं अन पुसलंच नाही, तशीच पाटी घरी आणली.

मले वाटते म्हातारा बरोबर आहे. भाऊचा स्वभाव तुले ठाऊक आहे. नाव घेतल्याशिवाय तो चौक सोडत नसे. पाऊस असो, घरचे नाव सांगायले उशीर करोत, हा उभा. तो उभाच आहे. तू त्याले त्या जागेत उभा करून आला अन आता आठ गाण्यांत घालून जगभर फिरवतो म्हणतोस. असं नको करू. लोकं कुठं कुठं ऐकतीन अन हा तिथं तिथं उभा राहीन.

तीन मार्चले वर्ष होते. विहारात पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम ठेवू. तवा ये अन नाव घे.

पण जमत नसंल तर घाई नको. थंडी आहे, तुयं कामही आहे. एखादा महिना पुढं मागं झाला तरी काही बिघडत नाही.

मी रोज सातच्या आधी उठून दाराले पाठ लावून बसते. दोनदा वाजते. बरं असते.

माया आहे, कमी झाली नाही.
तुझी,
बनाआत्या

*

पुणे,
ता. १५ फेब्रुवारी २०२५

ती. आत्यास,
स. ज. वि. वि.

लहान पत्र आहे. अल्बम एक तारखेला निघणार होता, मी थांबवला. पोरं चिडली, म्हणून त्यांना काल ऐकवलं. आता पुढचं येतच नाही, आत्या. 'आपल्या गावातील' म्हणतात आणि नंतर नुसता मशीनचा घुमारा. आम्ही अर्धा तास बसलो. दर थोड्या वेळाने टकटक. पहिल्यासारखी सावकाश नाही.

मनाली म्हणाली, तुझे बाबा दमले असतील रे. ती त्यांना कधी भेटली नाही.

एक मार्चच्या बसने निघतो. अल्तमशला सांग, ऑटोचा भोंगा तपासून ठेव. पेनड्राईव्ह घेऊन येतोय.

वाट बघ.
तुझा,
संघर्ष

*

पुणे,
ता. ८ मार्च २०२५

ती. बनाआत्यास,
संघर्षचा स. ज. वि. वि.

सुखरूप पोचलो. तुझे तिळाचे लाडू बँडने दोन दिवसांत संपवले.

तू घरात होतीस, म्हणून ऑटोतलं सांगतो. बसस्टँडवर थांबलो तेव्हा सात वाजायचे होते. अल्तमशने मशीन लावलं. 'आपल्या गावातील.' मी माईक धरला आणि पुन्हा तेच झालं. भोंगा घुमत राहिला. चहाच्या टपरीवरची माणसं कप हातात धरून उभी. मग टकटक आली, आणि ती भोंग्यातून आली नाही, आत्या. माझ्या हातातल्या माईकवर आली. बोटांना कळली. अल्तमशने माझ्याकडे पाहिलं, त्यालाही दिसलं असावं. मी म्हटलं, पंजाबराव किसन इंगळे. माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. आणि लगेच, श्वासही न घेता, पुढचं सुरू झालं, 'यांचे दुःखद निधन झाले असून'. टपरीवाल्याने शेगडी बंद केली.

मग चौदाही चौकांत नाव घेतलं. फकीरचाचा दुकानाबाहेर आले, चष्मा काढला आणि हात वर करून दुवा मागितली. आपल्या दारासमोर शेवटचा चौक केला. तू उंबऱ्यात होतीस, तुला माझे ओठ दिसले असतील.

खबरीत वेळ अकराची होती, ती बदलायचं मला सुचलंच नाही. अकरा वाजता आपल्या दारात माणसं जमली ती तू पाहिलीसच. विहारातला कार्यक्रम बाराचा होता, हे सगळ्यांना ठाऊक होतं. तरी ती आली, वर्ष उशिरा, आणि खांद्यावर काहीही नसताना मुकाट मातीच्या जागेपर्यंत चालत गेली. मी सगळ्यात मागे होतो. मला मोजता आली नाहीत.

इथे येऊन फायली उघडल्या. सगळीकडे चार सेकंद. टकटक कुठेच नाही, डिसेंबरच्या फायलींतसुद्धा नाही. मनाली रडली. सात ठिकाणी मी जागा मोकळीच ठेवली आहे, आठव्या गाण्याच्या शेवटी बाबांचं नाव घातलंय, त्याच सकाळचं, भोंग्यावरचं. अल्बम आणि एक लहान स्पीकर पार्सलने पाठवतोय. त्यावर हात ठेव, तुला समजेल.

मी निघताना तू काही बोलली नाहीस. रागावलीस का?

तुझा,
संघर्ष

*

साखरखेर्डा,
ता. २० मार्च २०२५

चि. संघर्ष यास,
बनाआत्याचा जयभीम व अ. उ. आ.

स्पीकर पोचला. अल्तमशनं लावून देला. मी दोन्ही हात ठेवून आठही गाणी घेतली. चौथं लई धडधडते, छकुलीची भांडी हालली. भाऊचा आवाज हाताले समजते, तो मऊ लागते. शेवटी तुया आवाजातलं नावही समजलं. चांगलं केलं बाबू. खरंच चांगलं केलं.

तू विचारलं, रागावली का. आता मीही गोल न बोलता लिहिते.

तुले मी डिसेंबरात लिहिलं, ये म्हणून, अन खाली लिहिलं, घाई नको. तू न यावं असं मले वाटत होतं. बस चुकावी, ऑटो बंद पडावा, असं सुद्धा मनात आलं. त्याचं कारण ऐक. भाऊ दोनदा वाजवायचा अन मी चिमट्यानं उत्तर देलं की मग तो निघायचा. मी उत्तर देईस्तोवर तो दार सोडत नसे. हे मले पहिल्या दिवसापासून समजलं होतं. बकरी-बिकरी काही नाही, मीच तुले खोटं लिहिलं. मागच्या मार्चपासून तो रोज वाजवत होता अन मी चिमटा हातात धरून गप्प बसत होती. उत्तर देलं नाही तर उद्या पुन्हा येईल म्हणून. तू एक दिवस नाव घेतलं नाही, अन मी वर्षभर उत्तर देलं नाही. तुले थोबाडीत लिहिणारी मी कोण?

तीन तारखेले तुमचा ऑटो दारात आला. मले भोंगा ऐकू आला नाही. तुये ओठ हालताना दिसले, अन मले समजलं ते काय म्हणून राह्यले. मी आत गेली, दार लोटलं, पाठ लावून बसली. दोनदा वाजलं. नेहमीसारखं, न चिडता. मी लई वेळ चिमटा धरून होती. मग वाजवला, दोनदा.

तवापासून दार हाललं नाही. गावातही आवाज कोणी ऐकला नाही. परवा सहदेव मिस्त्रीची बायको गेली, तिची खबर अल्तमशनं देली, नावासकट, स्वतःच्या तोंडानं.

सातले मले जाग येतेच. पाठ लावून थोडी बसते. मग उठते अन एक कप चहा ठेवते.

मायना विसरू नको, अन मलेही नको विसरू.
तुझी,
बनाआत्या